सावलीतली लिली आणि रावजीचा टाळ

या, असं पुढं सरका. खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा या. झोप लागणारच असेल तर जवळ येऊन लागू दे, घोरणं मला आधी कळेल. देवाची गोष्ट सांगतो म्हटलं तर निम्मे लोक चपला शोधायला लागतील, म्हणून आधीच सांगून टाकतो, ही लिलीच्या फुलांची गोष्ट आहे. देव तिच्यात आहे, पण विटेवर उभा आहे तसाच. मधे मधे करत नाही.

आमचं विठ्ठल मंदिर जुळे सोलापुरात, दोन चारमजली अपार्टमेंटांच्या बेचक्यात. बाहेर सोलापूर तापून लाल झालेलं असतं, रिक्षाच्या सीटवर बसताना माणूस देवाचं नाव घेतो, पण आमच्या पांडुरंगाला बारा महिने सावली. उन्हाळ्यात मंदिरातली गर्दी दुप्पट होते. भक्ती वाढते, असं आम्ही म्हणतो. पंखे चार आहेत, हे आम्ही म्हणत नाही.

मंदिराच्या उजव्या अंगाला, भिंत आणि कंपाउंड यांच्या मधे, मातीची एक लांबट पट्टी आहे. तिथं आम्ही तीनदा तुळस लावली, तीनदा ती गेली. जास्वंद लावली, तिनं दोन वर्षं नुसती पानं दिली, तीही उपकार केल्यासारखी. अध्यक्ष सिद्धलिंगप्पांचा डोळा त्या पट्टीवर होता. फरशी टाकली की पंधरा स्कूटर लागतात, असं त्यांनी पावलं टाकून मोजलं होतं.

आता रावजी. मूळचा टेंभुर्णीकडचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं उसाच्या गाड्या मोजल्या आणि निवृत्त होऊन मुलानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये बायको मथुराबाईसह राहायला आला. मुलगा-सून पुण्याला. रावजीचा जीव एकाच गोष्टीत, कीर्तनकाराच्या मागं उभं राहून टाळ वाजवण्यात. दिवसभर माणूस कसाही असो, वाकलेला, कुरकुरणारा, गुडघा धरणारा. संध्याकाळी गळ्यात टाळ पडला की दोन इंच उंच व्हायचा. मी कीर्तनाचा वेडा, तिसऱ्या रांगेत माझी जागा ठरलेली, त्यामुळं हे मी रोज बघितलंय.

फक्त एक अडचण होती. रावजीचा टाळ अर्धी मात्रा पुढं पडायचा. मागं कधीच नाही, कायम पुढं. देवाच्या दारात सगळ्यांच्या आधी पोचायची घाई. पखवाज वाजवणारा युवराज शेवटी रडकुंडीला आला. चैत्रातल्या बैठकीत त्यानं सरळ सांगितलं, "काका पुढं पळतात, मी मागं राहतो आणि कीर्तनकार मधे सापडतात. एक तर ते, नाही तर मी."

सिद्धलिंगप्पा अक्कलकोटकडचे, बोलण्यात मधेच कानडी, आवाज ढोलासारखा. म्हणाले, "एनप्पा रावजी, बस की आता खाली. वय झालं तुझं. सतरंजीवर बसून ऐक निवांत. आम्ही नाही का ऐकत?"

"तुमी ऐकता कुटं?" रावजी म्हणाला. "तुमी डोकी मोजता, किती लोक आलं त्ये."

आम्ही हसलो, अध्यक्ष नाही हसले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा विषय घेतला, उजव्या पट्टीत फरशी.

तेव्हा रावजी उठून उभा राहिला. टाळ जातोय, हे त्याला कळलं होतं. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. याच्या हाताला मोबाईल लागला. त्यात सुनेनं सकाळी पाठवलेला सुप्रभातचा फोटो होता. भली मोठी गुलाबी लिली, तिच्यावर दवाचे थेंब आणि खाली एक सुविचार.

"फरशी नका टाकू," तो म्हणाला. "तितं मी हे फूल आणतो."

"जिथं तुळस जगली नाही तिथं हे?"

"व्हय, हेच. लिली."

"आणि नाही आलं तर?"

"तर मी बसतो खाली."

सिद्धलिंगप्पांना हेच हवं होतं. त्यांनी सगळ्यांदेखत ठरवून टाकलं. गोकुळाष्टमीचा सप्ताह बसेल त्या पहिल्या संध्याकाळी, आरतीच्या आत, देवळात रावजीची लिली उमललेली दिसली पाहिजे. दिसली तर टाळ कायमचा त्याच्या गळ्यात, युवराजनं तोंड उघडायचं नाही. नाही दिसली तर टाळ कपाटात, पट्टीवर फरशी आणि रावजी सतरंजीवर.

रावजीनं तो फोटो मोठा छापून घेतला, प्लास्टिकमध्ये घातला आणि पट्टीच्या भिंतीवर चिकटवला. येणारा-जाणारा फोटो बघायचा, मग खालची कोरडी माती बघायचा आणि आत जाऊन रावजीसाठी वेगळा नमस्कार करायचा.

मुलानं पुण्याहून तीन कंद मागवून दिले. कुठल्यातरी डोंगराळ मुलखातले. वैशाखात, पारा त्रेचाळीसवर असताना, रावजीनं ते पट्टीत लावले. गार हवेचं फूल आहे म्हणून रोज दुपारी घरातला बर्फ आणून मुळाशी ठेवायचा. मथुराबाई म्हणायची, "मला सरबताला एक खडा न्हाय आन त्या झाडाला बर्फाची गादी." कोंब आले, चार बोटं वर आले आणि एका दुपारी अळूच्या फदफद्यासारखे खाली बसले. सिद्धलिंगप्पा पायरीवरून बघत होते. म्हणाले, "शिजली वाटतं."

रावजी हटला नाही. मुलाला फोन लावला. मुलानं वाचून सांगितलं की या लिलीला आधी हिवाळा लागतो. हिवाळ्यात जमिनीत झोपते, मग उठते. सोलापुरात हिवाळा कुठून आणायचा? तर फ्रीजमधून. आठ आठवडे कंद फ्रीजमध्ये ठेवायचे, मग लावायचे. मग बारा कंद आले. पांढरे, पाकळ्या-पाकळ्यांचे, मुठीएवढे. रावजीनं ते भाजीच्या ट्रेमध्ये भुशात घालून ठेवले आणि आषाढी एकादशीचा मुहूर्त धरला. पाकिटावर लिहिलं होतं, लावल्यापासून साठ दिवसांत फूल. एकादशीपासून सप्ताहापर्यंत दिवस होते पस्तीस.

"आणि उरलेले पंचवीस?" मी विचारलं.

"त्ये पांडुरंग बगंल की," रावजी म्हणाला. "त्याला दुसरं काय काम हाय?"

इथं पांडुरंगानं काही बघितलं नाही. बघितलं ते मथुराबाईनं.

आषाढातली नवमी म्हणजे आपल्याकडं कांदेनवमी. एकादशीपासून चातुर्मास, चार महिने कांदा-लसूण बंद, म्हणून नवमीला घरातला होता-नव्हता तेवढा संपवायचा. त्याग करायचा, पण पोट भरून करायचा. मथुराबाईनं आम्हा पाच-सहा जणांना भज्यांना बोलावलं होतं. सिद्धलिंगप्पांनाही, पैज आपल्या जागी, भजी आपल्या जागी. गरम भजी येत होती, आम्ही खात होतो. त्यातली काही जरा निराळी लागली. बटाट्यासारखी पिठूळ, मागून किंचित कडसर. मी चार खाल्ली. अध्यक्षांनी अकरा.

"वहिनी, ही कसली?" मी विचारलं.

"लसणाची," मथुराबाई आतून म्हणाली. "ट्रेमधी दोन म्हैने पडून हुता की. येवडा मोटा लसूण, पर वासच न्हाय बगा त्याला. म्हणलं परदेशी असंल."

रावजीच्या हातातलं भजं बशीत पडलं. तो स्वयंपाकघरात गेला. फ्रीजचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला, ट्रे ओढल्याचा आवाज आला.

"मथुरे," तो म्हणाला, "तू माजी लिली तळलीस."

"लिली? मग तसं लिवून ठिवायचं की डब्यावर! मी काय पाकळ्या सोलून जात इचारू व्हय?"

मी पुण्याला फोन लावला, तर सुनेनं सांगितलं की पाकिटावर लाल अक्षरात लिहिलंय, कंदाला बुरशीचं औषध लावलेलं आहे, खाऊ नये. झालं. आम्ही सगळे पोटावर हात ठेवून बसलो. सिद्धलिंगप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अकरा भजी म्हणजे जवळजवळ अख्खा वाफा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं रांगेनं गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंत?" आम्ही अध्यक्षांना पुढं केलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "फुलं." डॉक्टरांनी वर बघितलं, खाली बघितलं, एकेकाचं पोट दाबलं आणि पाणी प्या म्हणाले. देवाच्या कृपेनं कुणाला काही झालं नाही. पण रावजीकडं आता एकही कंद नव्हता आणि सप्ताहाला सदतीस दिवस.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पट्टीजवळ उकिडवा बसला होता. कंपाउंडच्या पलीकडून आवाज आला, "काका, ऐकलं ते खरं का?"

ही बुद्धप्रिया. शेजारच्या, रावजीच्याच अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर आई भीमाबाईबरोबर राहते, वळसंगच्या शाळेत विज्ञान शिकवते, सकाळी स्कूटीवर जाते. जीभ तिखट, पण मन असं की शाळेतली पोरं शिव्या खाऊन परत तिच्याकडंच येतात.

"खरं हाय बाय," रावजी म्हणाला. "हास हवं तितकं."

"हसून झालंय माझं, काल रात्रीच. आता सांगा, ही फोटोतली लिली तुम्ही निवडली कशी?"

"दिसली, आवडली."

"मुलीला स्थळ असं बघता का हो? नाकी-डोळी छान म्हणून?" ती कंपाउंडवर कोपरं टेकून उभी राहिली. "ही थंड मुलखातली. हिला पाय गार लागतात, डोकं उन्हात लागतं आणि वर्षातून एकदा कडक थंडीत झोपायला लागतं. तुमच्याकडं यातलं काय आहे? थंडी नाही, ऊन नाही. आहे ती सावली आणि उकाडा. आपल्याकडं आणायचीच तर दिवाळीनंतर कुंडीत लावायची, गारठ्यात फुलवायची आणि उन्हाळ्याआधी हात जोडायचे. ही पाहुणी आहे काका, हिला नांदायला आणू नका."

"मग कुटली आणू?"

"आधी जागा बघा, मग झाड. पावसाळी लिली असते, बुटकी, गुलाबी. पाऊस पडला की दोन दिवसांत फुलते. उकाडा तिला चालतो, पण ऊन पोटभर लागतं. इथं नुसतं गवत होईल तिचं. लाल चेंडूसारखी असते, तिला अर्धी सावली आवडते, पण ती मेमध्ये एकदा फुलली की वर्षभर तोंड दाखवत नाही. नर्सरीवाले ती पीस लिली देतील, सावलीतली म्हणून. ती लिली नावालाच. आपली कोरडी झळ लागली की पानांच्या कडा जळतात, ती घरात बरी."

"म्हंजी कायच न्हाय."

"आहे की. माझ्याकडं आहे." तिनं मागं बोट दाखवलं. तिच्या खिडकीखाली, जिथं आमच्याइतकीच सावली, तिथं लांब पट्ट्यासारख्या गडद हिरव्या पानांचे पाच जोमदार गड्डे उभे होते. "स्पायडर लिली. पांढरी, लांब पाकळ्यांची. संध्याकाळी उमलते. सोलापूरचा उन्हाळा खाऊन बसते आणि सावलीतही फुलते. अगदी काळोखात नाही हं, थोडा उजेड लागतोच."

रावजी बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तू कशापायी मदत करतीस मला? रोज पाटं पाचला तुज्या खिडकीखाली टाळ घोकतो मी. मी हारलो तर तुजाच फायदा."

"कुठला फायदा?" बुद्धप्रिया म्हणाली. "देवळातून हाकललं तर तुम्ही दिवसभर घरीच वाजवणार. हिशेब केलाय मी."

रावजी हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसताना दिसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "बाय, खरं सांगू का. मला बसून कीर्तन ऐकायला येत न्हाय. उबं ऱ्हायलो की वाटतं, आपुन बी त्यातलं हाय. बसलो की नुसता ऐकणारा हुतो."

तिनं पट्टीवरची सावली निरखली. मग म्हणाली, "एक खडू आणा."

तिनं त्याला काम लावलं. दिवसभर पट्टीत बसायचं आणि ऊन जिथं जिथं टेकेल तिथं खडूनं भिंतीवर रेघ मारून वेळ लिहायची. रावजी सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत बसला. मथुराबाईनं भाकरी तिथंच आणून दिली. लिली तळल्याचं प्रायश्चित्त म्हणून दोन दिवस ती नवऱ्याशी फार गोड बोलत होती, त्याचीच रावजीला जास्त भीती वाटत होती. संध्याकाळी भिंतीवर हिशेब निघाला. सगळी पट्टी सावलीत, फक्त नळाच्या अलीकडं हात-दीड हात जागेला सकाळी सव्वाआठ ते पावणेदहा दोन इमारतींच्या फटीतून ऊन मिळतं. चार वर्षं आम्ही तुळशी त्या जागेच्या बरोबर पलीकडं मारत होतो.

एकादशीला, फराळाची साबुदाणा खिचडी खाऊन, गड्डे हलवले. बुद्धप्रियानं पाचही दिले. "एखादा रुसला तर दुसरा फुलेल," ती म्हणाली. मुळांभोवतीची माती तशीच ठेवून, पोत्यावर घेऊन, नव्या नवरीसारखे अलगद आणून नळाजवळच्या त्या उन्हाच्या जागी लावले. "मातीसकट आलं की त्याला कळतही नाही घर बदललं," असं ती म्हणाली. आणि तिनं पहिली पाटी लावली, 'हा कांदा नव्हे.' त्याखाली बारीक अक्षरात, 'विषारी आहे. भजी करू नयेत.' म्हणाली, "या लिलीचा कांदा खाल्ला असतात ना, तर डॉक्टरांनी नुसतं पाणी दिलं नसतं."

पुढं भक्तांचा त्रास सुरू झाला. आमच्याकडं उरलेलं तीर्थ झाडाला घालायची पद्धत. झाड दिसलं की हात आपोआप वाकडा होतो. चार दिवसांत लिलीच्या बुडाशी दूध, दही, मध, साखर, तूप सगळं पोचलं आणि त्यामागून मुंग्यांची दिंडी. रावजीनं दुसरी पाटी लावली, 'झाडाला पंचामृत घालू नये. त्याला साधं पाणी चालतं.' एका आजींनी ती वाचली, आत जाऊन देवाला सांगितलं आणि तरी चमचाभर घातलंच.

श्रावण लागला. पानांच्या मधून पहिला दांडा वर आला. मग दुसरा. नारळी पौर्णिमेला मोजले, सात दांडे, प्रत्येकाच्या टोकाला कळ्यांचा झुबका. बोटाएवढ्या लांब, फिकट हिरव्या-पांढऱ्या काड्या. बुद्धप्रियानं वाकून बघितलं. "उद्या संध्याकाळी काही नक्की उमलतील," ती म्हणाली. "बरोबर वेळेवर."

रावजी त्या रात्री देवळातून घरी जायला तयार नव्हता. मथुराबाईनं हात धरून नेला.

दुसऱ्या दिवशी, सप्ताहाच्या पहिल्या सकाळी, तो आंघोळ करून आला तर सातही दांडे बोडके. एकही कळी नाही. वरून स्वच्छ कापलेले, ब्लेडनं कापल्यासारखे.

मी पोचलो तेव्हा तो पायरीवर बसला होता. बुद्धप्रिया कंपाउंडपलीकडून ओरडत होती, "उंदीर असे कापतात का? कुणीतरी तोडलीयत. शोधा की!" रावजीनं मान हलवली. "जाऊं दे बाय," तो म्हणाला. "देवाच्या मनात न्हाय. माजा टाळ त्याच्या बी कानाला टोचत असंल."

असली शरणागती आम्हा भक्तांना फार आवडते. मला त्या दिवशी नाही आवडली.

संध्याकाळी साडेसहाला सिद्धलिंगप्पा पट्टीत आले. हिरवी पानं बघितली, भिंतीवरचा गुलाबी फोटो बघितला. "नाही आली, रावजी," ते म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, खोटं कशाला बोलू. "कष्ट केलेस तू. पण ठरलं ते ठरलं." रावजीनं गळ्यातला टाळ काढला, कपाळाला लावला आणि त्यांच्या हातात दिला. मग येऊन माझ्या शेजारी सतरंजीवर बसला. मांडी घालून नाही. उकिडवा, जणू आत्ता कुणी उठायला सांगेल.

कीर्तनाला वैजयंतीताई होत्या. तिशीतल्या. आवाज असा की पंख्यांची घरघर ऐकू येईनाशी होते, आणि विनोद असे की आमच्या काही ज्येष्ठांना देवळात हसावं की नाही, हे ठरवायला वेळ लागतो. सातला उभ्या राहिल्या, नमन झालं, पहिली चाल झाली. आमच्याकडं इथं यजमान कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात. सिद्धलिंगप्पा पुढं गेले आणि ओल्या फडक्यातून हार काढून ताईंच्या गळ्यात घातला. लांब कळ्यांचा, पांढरट, चांगला भरगच्च. मी म्हटलं, यंदा हार बरा आणलाय.

कीर्तन रंगलं. युवराजचा पखवाज आज बिनघोर. माझ्या शेजारी रावजीची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती, अर्धी मात्रा पुढं. दोनदा त्यानं ती आवळून मुठीत धरली.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. बाहेर अंधार पडला. पहिल्या रांगेतल्या एक आजी एकदम म्हणाल्या, "अगं बाय, तुज्या हारात काय तरी हललं!"

ताई थांबल्या. खाली बघितलं. छातीवरची एक कळी डोळ्यांदेखत उलगडत होती. लांब, बारीक पाकळ्या मागं वळल्या, मधलं पातळ पांढरं कटोरं उघडलं. मग तिच्या शेजारची. मग खांद्याजवळच्या तीन एकदम. आणि वास असा सुटला की पंख्याखालच्या झोपलेल्या लोकांनीसुद्धा डोळे उघडले.

"माउली," ताई म्हणाल्या, "मी बरीच कीर्तनं केली. हार कोमेजलेले बघितलेत. कीर्तन ऐकून जागा झालेला पहिलाच."

सगळे हसले. दारातून आवाज आला, "ती रावजीकाकांची लिली आहे!"

बुद्धप्रिया उंबऱ्याबाहेर उभी होती, पर्स खांद्याला, स्कूटीची किल्ली हातात. तापलेली. "पहाटे कापलेल्या कळ्या त्याच. संध्याकाळी उमलणारी आहे ती. तोडली तरी तिची वेळ ती चुकवत नाही. कुणी तोडली विचारा!"

सगळ्यांचे डोळे हार घालणाऱ्याकडं गेले.

"मी तोडली," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "पण चोरून नाही! हारवाल्यानं पहाटे फोन केला, येत नाही म्हणून. देवळाच्या कुंपणात पांढऱ्या कळ्या दिसल्या, घेतल्या देवासाठी. मला वाटलं निशिगंध."

"लिलीच्या वाफ्यात निशिगंध?"

"अहो, चित्र बघा की भिंतीवर!" अध्यक्ष कळवळून म्हणाले. "रोज बघतोय मी चित्र. गुलाबी, परातीएवढं फूल. त्याची वाट बघत होतो. ह्या पांढऱ्या काडीला लिली कोण म्हणेल?"

बायकांच्या बाजूनं त्यांच्या पत्नी अंबुबाई म्हणाल्या, "मी विचारलं होतं हार ओवताना, कुणाची म्हणून. हे म्हणाले, कुणाची नाहीत, आपोआप आलीत."

आता जे हसू फुटलं ते आवरेना. युवराज पखवाजावर डोकं ठेवून हसत होता. सिद्धलिंगप्पाही शेवटी हसले, मग टोपी काढून डोकं खाजवलं. ताईंनी विचारलं, काय भानगड आहे. मी तिसऱ्या रांगेतून उठून सगळं सांगितलं, भज्यांसकट.

"मग वाद कसला?" ताई म्हणाल्या. "पहिली संध्याकाळ आहे. आरती व्हायचीय. देवळात लिली उमललीय, माझ्याच गळ्यात. अध्यक्ष, टाळ कुठं आहे?"

सिद्धलिंगप्पांनी कपाटातून टाळ आणला आणि स्वतःच्या हातानं रावजीच्या गळ्यात घातला. रावजीला उठवेना. उकिडवं बसून गुडघा आखडला होता. मी एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं, कधी आली कळलं नाही, मथुराबाई.

तो ताईंच्या मागं जाऊन उभा राहिला. त्यानं युवराजकडं बघितलं, मग ताईंकडं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, मी पुढं पळतो. पोरगं खोटं बोलत न्हाय."

"ठाऊक आहे मला," वैजयंतीताई म्हणाल्या. "गेल्या वर्षी पाठीला कळलंय. आज असं करू, तुम्ही पळा, आम्ही तुमच्या मागं येतो."

आणि त्यांनी चाल धरली ती रावजीच्या टाळावर. युवराजनं ओठ आवळले आणि पखवाज पळवला. काय सांगू तुम्हाला! असलं कीर्तन मी आयुष्यात ऐकलं नाही. सुरुवातीला सगळे धापा टाकत होते, मग एका जागी सगळं जुळलं. टाळ, पखवाज, आवाज, टाळ्या. त्या एका क्षणी रावजी कुणाच्या पुढं नव्हता. माझ्या अंगावर आत्ताही काटा येतोय, बघा. कीर्तन वीस मिनिटं आधी संपलं. प्रसादाच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी या पद्धतीला मनापासून पाठिंबा दिला.

फरशीचा विषय पुन्हा निघाला नाही. सिद्धलिंगप्पा आता येईल त्याला ती पट्टी दाखवतात आणि सावलीत कुठली लिली लावावी, यावर भाषण देतात.

एक गोष्ट मात्र मला मागाहून कळली, भीमाबाईंकडून. बुद्धप्रिया रोज सकाळी घरातल्या बुद्धमूर्तीपुढं त्या लिलीचं एक पांढरं फूल ठेवायची. पाचही गड्डे तिनं आम्हाला दिले. श्रावण पौर्णिमेला, आमच्या पट्टीत सात दांडे कळ्यांनी लगडले होते तेव्हा, त्यांच्या घरी मूर्तीपुढं नुसती मेणबत्ती होती. बाजारातून फूल आण म्हटलं, तर म्हणाली, "आई, आपली फुलं शेजारी उमलतायत की." तिनं हे आम्हाला कधी सांगितलं नाही. मी सांगितल्यावर रावजीनं पुढच्या आठवड्यात दोन गड्डे परत नेऊन तिच्या खिडकीखाली लावले, पण ती पौर्णिमा गेली ती गेलीच.

तेव्हा उद्या कुणी सावलीत लिली लावलीत, तर आमच्या रावजीची आठवण नाही काढलीत तरी चालेल. तो स्वतःची आठवण वाजवून करून देतो. पण संध्याकाळी पहिली कळी उघडेल तेव्हा, तुम्ही ज्याला मानता त्याच्यापुढं हात जोडा किंवा नुसते उभे राहा, आणि बुद्धप्रियाची आठवण ठेवा.